पीलबागेचा हिशेब

निंबोल्यात आमच्या घरामागे कडुनिंबाच्या खोडाला सायकलची एक रिम ठोकलेली आहे. आऱ्या काढलेली, लहान पोरांच्या सायकलची. बास्केटबॉलची खरी रिंग पंचेचाळीस सेंटिमीटरची असते, ही थोडी कमी भरते. आप्पांनी ती बांबूने मोजून बरोब्बर दहा फुटांवर लावली, तेव्हा त्यांची नात पाचवीत होती. आता ती इंदूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तीन वर्षं विद्यापीठाच्या संघातून खेळली. फ्री थ्रो सहसा चुकत नाही. अरुंद रिंगवर शिकलेल्याला मोठी रिंग परातीएवढी दिसते, असं ती सांगते.

आप्पा भुसावळच्या लोको शेडमधून निवृत्त झाले. कबड्डीवर नोकरी मिळालेला माणूस. यंदाच्या मे महिन्यात नात सुटीला आली आणि दोन कागद घेऊन आली. एक रेल्वेच्या खेळाडू भरतीची जाहिरात, दुसरं एका खासगी लीगच्या निवड चाचणीचं बोलावणं. दोन्हींच्या तारखा एकाच आठवड्यात. संध्याकाळी ओट्यावर बोलणं निघालं. समोर इंदूर-इच्छापूर रस्त्यावरून केळीचे ट्रक चालले होते. मी खाटेवर पडून ऐकत होतो. एकाचा मुलगा आणि दुसरीचा मामा असल्यामुळे मला मत देण्याची सोय नव्हती.

नात: आप्पा, रेल्वेच्या जाहिरातीचं कात्रण तुम्ही माझ्या बॅगेत तीनदा ठेवलंत. पहिल्यांदाच वाचलं होतं मी.

आप्पा: वाचलंस, पण भरलं कुठे? तारीख जवळ आली बेटा. त्या दुसऱ्या कागदावर पगार लिहिलाय का?

नात: हंगामाचं मानधन लिहिलंय.

आप्पा: हंगामाचं! केळीच्या मृगबागेचा हंगाम मला कळतो. नोकरीला हंगाम नसतो. सहा आठवडे खेळलीस की उरलेले सेहेचाळीस आठवडे काय करणार?

नात: तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगते. सिम भुल्लर. ऐकलंय नाव?

आप्पा: कुठला? पंजाबचा?

नात: आईबाप पंजाबचे. जन्म १९९२ चा, टोरोंटोचा. उंची सात फूट पाच इंच.

आप्पा: बाप रे. आपल्या दारातून ओणवा होऊन यावं लागेल त्याला.

नात: अमेरिकेत न्यू मेक्सिको स्टेट नावाचं विद्यापीठ आहे, तिथे तो दोन हंगाम खेळला. दोन्ही वर्षी त्यांच्या विभागाची स्पर्धा जिंकली आणि दोन्ही वर्षी स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच. कॉलेजचे सामने तिकडे टीव्हीवर देशभर दिसतात. आपल्याकडे आंतरविद्यापीठाची फायनल असली तरी बघायला बसचा ड्रायव्हर आणि दोन मॅडम.

आप्पा: मग पैसा चिक्कार मिळाला असेल कॉलेजात.

नात: एक छदाम नाही. शिष्यवृत्ती, राहणं, खाणं, बस. कॉलेजच्या खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता यायला लागले २०२१ च्या जुलैपासून. त्याच्या वेळी तसं काही नव्हतं. २०१४ मध्ये तो एनबीएच्या, म्हणजे तिकडच्या सर्वांत वरच्या लीगच्या, ड्राफ्टला उभा राहिला. ड्राफ्ट म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे. साठ जणांची निवड झाली, त्यात हा नव्हता.

आप्पा: म्हणजे संपलं.

नात: इथूनच तर गोष्ट सुरू होते. सॅक्रामेंटो किंग्ज नावाच्या संघाने त्याला ऑगस्टमध्ये करारावर घेतलं, ऑक्टोबरमध्ये सोडलं आणि आपल्याच खालच्या संघात पाठवलं. रिनो गावचा बिगहॉर्न्स. ती लीग म्हणजे तेव्हाची डी-लीग, आताची जी-लीग.

आप्पा: त्या किंग्जचा मालक कोण?

नात: विवेक रणदिवे. मुंबईत वाढलेले. २०१३ मध्ये त्यांनी तो संघ विकत घेतला.

आप्पा: रणदिवे? मग झालं की. मालक आपला, पोरगा आपल्या रक्ताचा, एवढा उंच. त्याला उभा केला की भारतात टीव्ही बघणारे वाढतात. दुकानदारी आहे ती. नोकरी म्हणू नकोस तिला.

नात: दुकानदारी असेलही. त्याच किंग्जने २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन सामने खेळले. भारतात एनबीएचे संघ खेळले ते पहिल्यांदा. पण दुकानदार फार तर दार उघडून देतो. रिनोमध्ये चेंडू अडवायला भुल्लरच उभा होता, रणदिवे नव्हते. आणि तिथला कोच असा अवलिया, की पाच जण आत सोडायचा, दीड-दोन मिनिटांनी पाचही बाहेर, नवे पाच आत.

आप्पा: भुसावळला गाडीचा क्रू बदलतो तसं.

नात: अगदी तसंच. सगळे पळत सुटलेले, आणि त्यात हा सात फूट पाच इंचाचा, पळायला जड. तरी सामन्यामागे साधारण दहा गुण आणि नवाच्या घरात रिबाउंड. २०१५ च्या २ एप्रिलला किंग्जने त्याला दहा दिवसांचा करार दिला.

आप्पा: दहा दिवसांचा? असाही करार असतो?

नात: असतो. आणि ७ एप्रिलला, मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात शेवटची सोळा सेकंद उरली असताना, तो कोर्टवर उतरला. भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू.

आप्पा: सोळा सेकंद.

नात: पुढे अजून दोन सामने. सगळी मिळून तीन मिनिटंही भरत नाहीत. गुण दोन. त्यानंतर परत खालच्या लीगमध्ये, टोरोंटोजवळच्या रॅप्टर्स ९०५ संघात. मग तैवान.

आप्पा बराच वेळ गप्प राहिले. मग पानाचा डबा उघडला. त्यांना मुद्दा सापडला की ते पान लावतात.

आप्पा: तूच मला खटला जिंकून दिलास, बेटा. सात फूट पाच इंच उंची, कॉलेजात दोन वर्षं सर्वोत्तम, मालक देशी. एवढं सगळं जमून आलं आणि हाती काय? तीन मिनिटं. तुझी उंची पाच फूट नऊ.

नात: तुम्ही तीन मिनिटं मोजलीत. मी वर्षं मोजते. पंचविशी कधीच ओलांडली त्याने, तरी तैवानमध्ये खेळतच होता. या संघातून त्या संघात, हंगामामागून हंगाम. पगार घेऊन, लोकांनी तिकीट काढून बघितलेला खेळ. तुमच्या शेडमध्ये कबड्डीवर लागलेले किती जण तिशीनंतर मॅटवर होते?

आप्पा: मॅट कुठली, मातीच होती. तीन-चार असतील.

नात: आणि बाकीचे?

आप्पा: बाकीचे फायलींवर. पोटं सुटली, पण पोरांची शिक्षणं झाली. तुझ्या आईचं झालं. तुझ्या या मामाचं झालं, म्हणून तो लोळत पडून आपलं ऐकतोय.

मी कूस बदलली.

आप्पा: बरं, त्या खालच्या लीगचा पगार सांग.

नात: भुल्लरच्या वर्षी पगाराच्या तीन पायऱ्या होत्या. हंगामाला १३ हजार डॉलरपासून साधारण २६ हजारांपर्यंत. राहायची जागा संघाची. आणि वरच्या लीगमध्ये कमीत कमी पगार पाच लाख डॉलरच्या वर.

आप्पा: म्हणजे तोच चेंडू, तेवढीच रिंग, आणि पगारात वीसपट, चाळीसपट फरक.

नात: हो. पुढे वाढला. २०१८-१९ मध्ये सगळ्यांना सरसकट ३५ हजार. २०१७ मध्ये दोन्ही लीगचा एकत्र करारही निघाला. आठ संघांवर २००१ मध्ये सुरू झालेली लीग आता तिसावर संघांची आहे.

आप्पा: पण उभे किती राहतात आणि वर किती जातात?

नात: अमेरिकेत पहिल्या श्रेणीची साडेतीनशेवर विद्यापीठं. भुल्लरच्या वेळी प्रत्येकाकडे तेरा शिष्यवृत्त्या असत, तेवढ्या धरल्या तर साडेचार हजार पोरं. एनबीएत तीस संघ, पंधरा-पंधरा खेळाडू, साडेचारशे जागा, आणि त्याही भरलेल्या.

आप्पा: सतनामचं काय झालं? तो बरनाळ्याकडचा. त्याचा फोटो पेपरात आला होता, मला आठवतं.

नात: सतनाम सिंग. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलसने बावन्नावा निवडला. भारतात जन्मून निवडला गेलेला पहिला. एनबीएत एकही सामना नाही. खालच्या लीगच्या टेक्सास लेजंड्समध्ये दोन हंगाम, तिथेही बहुतेक वेळ बाकावर. मग कॅनडाच्या लीगमध्ये एक हंगाम. पुढे अमेरिकेत टीव्हीवरच्या कुस्तीत गेला.

आप्पा: बघ.

नात: बघते ना. सतनामचा पाय जिथे अडकला तिथे तो जिन्यावर होता, आप्पा. त्याच्या खाली पायरी होती, वर पायरी होती. आपल्याकडे जिनाच नाही. तळमजला आहे, तुमचं रेल्वेचं ऑफिस. आणि गच्ची आहे, टीव्हीवरची. मधे काही नाही. कोणी गच्चीवरून पडलं की आपण म्हणतो, बघा, सांगितलं होतं.

आप्पा: मधे काही नाही कसं? पुण्याचा संघ होता की एक. पेशवे.

नात: पुणे पेशवाज. यूबीए लीग. २०१५ ला सुरू, मुंबई चॅलेंजर्सही होते, आठ संघ. २०१७ नंतर बंद. कॉलेज संपवून त्या लीगच्या भरवशावर राहिलेली पोरं रस्त्यावर आली.

आप्पा: मग मी काय म्हणतोय? तुझा जिना दर दोन वर्षांनी कोसळतो.

नात: २०२२ मध्ये फेडरेशनने स्वतःची लीग काढली, त्यात मुंबई टायटन्स होते. कोसळतो म्हणून बांधायचाच नाही का?

आप्पा: बांधा, जरूर बांधा. पण पहिल्या पायरीवर माझी नात नको. सिमेंट वाळू दे आधी.

नात: सिमेंटचं बोलूच नका. तीन वर्षं सिमेंटच्या कोर्टवर उड्या मारल्या मी.

तिने पायजमा वर करून डावा गुडघा दाखवला. वाटीच्या खाली एक गाठ आहे, सुपारीएवढी. लाकडी कोर्ट उडी झेलून थोडं परत देतं, सिमेंट सगळं गुडघ्यात ठेवतं. ती रोज रात्री त्यावर बर्फ फिरवते आणि सकाळी जिना उतरताना कठड्याला धरते. वय एकवीस. आप्पांनी वाकून गाठीवर अंगठा दाबला, कबड्डीवाला दाबतो तसा, बाजूने.

आप्पा: दुखतंय?

नात: दाबल्यावर.

आप्पा: म्हणूनच सांगतो. रेल्वेचं हॉस्पिटल आहे. हा गुडघा फुटला तर त्या लीगवाल्याला तुझा नंबरही ओळखू येणार नाही. खेळाडूचं शरीर म्हणजे केळीचं खोड, बेटा. एकच घड देतं. घड उतरला की खोड कापतात.

नात: आणि कापल्यावर बुंध्याशी काय येतं?

आप्पा: पील येतं.

नात: मग? पीलबाग धरत नाही का कोणी?

आप्पा: धरतात. पण तिचा घड लहान भरतो. रास कमी.

नात: रोपांचा खर्चही वाचतो. भुल्लरची तैवानची वर्षं म्हणजे पीलबागच होती. कॉलेजात तयार झालेलं बेणं, त्यावर पुढची पिकं. पहिल्या बागेएवढी रास नाही, म्हणून ते पीक नव्हे असं कोणी म्हणतं का इथे? पेटीत बसून परदेशी जाते तीच केळी, असं म्हटलं तर हा समोरचा ट्रक काय घेऊन चाललाय?

समोरचा ट्रक खरोखरच लुसलुशीत हिरव्या घडांनी भरलेला होता, वर केळीच्या पानांचं पांघरूण. आप्पा त्याच्याकडे बघत राहिले.

आप्पा: माल दिल्लीला चाललाय.

नात: आणि पप्पा? दर मृगाला कर्ज काढून टिश्यूची रोपं आणतात. एका वर्षी हरण्या रोगाने बाग गेली. मग जूनच्या वादळात एका रात्रीत सगळी खोडं आडवी. तिसऱ्या वर्षी पुन्हा रोपं आणली. तुम्ही एकदा तरी म्हणालात का, जावईबापू, शेती सोडा आणि कुठे शिपाई म्हणून लागा?

आप्पा: जमीन असते बाई. पीक गेलं तरी जमीन खाली राहते.

नात: माझ्याजवळही राहील. मी कोच होईन, पंच होईन. पण सव्विसाव्या वर्षी फाइल घेऊन बसले तर बत्तिसाव्या वर्षी परत कोर्टवर येता येत नाही. तुमची नोकरी खेळावर मिळते आणि खेळ संपवते.

आप्पा: हे मात्र चूक. रेल्वेने जेवढे खेळाडू पोसले तेवढे कोणत्या राजाने पोसले नाहीत. आणि पोरींचं तर विचारूच नको. तुझ्या त्या अमेरिकेत पोरींची खालची लीग आहे का?

इथे नात पहिल्यांदा अडखळली.

नात: नाही. जी-लीग फक्त पुरुषांची. बायकांच्या वरच्या लीगमध्ये कित्येक वर्षं बाराच संघ होते, बारा-बारा जणी. एकशे चव्वेचाळीस जागा. ज्यांना मिळत नाही त्या तुर्कस्तान, ऑस्ट्रेलिया अशा फिरतात.

आप्पा: म्हणजे भुल्लरला होती तेवढीही पायरी तुला नाही.

नात: नाही. म्हणूनच मला भुल्लरपेक्षा गीतू जवळची वाटते. गीतू अॅना जोस. केरळची, चंगनाशेरीच्या असम्प्शन कॉलेजात खेळलेली. २००६ ते २००८ ऑस्ट्रेलियात रिंगवुड हॉक्सकडून खेळली, बिग व्ही नावाच्या लीगमध्ये. तीही खालचीच लीग, एका राज्याची. पुढे २०११ मध्ये अमेरिकेत शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनिओ अशा तीन संघांनी तिला चाचणीला बोलावलं. निवड झाली नाही. २०१४ ला अर्जुन पुरस्कार मिळाला.

आप्पा: आणि पोटाला काय करायची?

नात: दक्षिण रेल्वेत होती.

आप्पांचा पानाचा हात तसाच थांबला.

आप्पा: रेल्वेत? नोकरीत असताना ऑस्ट्रेलिया?

नात: हो.

आप्पा: रजा कोणी मंजूर केली?

नात: ते मला काय माहीत? तुम्हाला सगळं सोडून रजाच दिसली का?

आप्पा: अगं, तोच खरा प्रश्न आहे! स्पर्धेला स्पेशल कॅज्युअल मिळते, पण ती मोजकी. पूर्ण हंगाम बाहेर म्हणजे बिनपगारी असणार. परदेशाची परवानगी वेगळी, ती वरून येते. कोणीतरी साहेब त्या पोरीच्या कागदावर सही करायला बसला असेल. असा साहेब मिळायला नशीब लागतं.

नात: बघा, आता तुम्हीच पायऱ्या मोजायला लागलात.

आप्पा: मी रजा मोजतोय.

नात: एकच आहे ते. भुल्लरला लीगने पायरी दिली, गीतूला एका सहीने. मी जिथे जाईन तिथे मला दोन्ही विचारायचं आहे. रेल्वेला विचारायचं, हंगामापुरतं सोडाल का. लीगला विचारायचं, हंगामानंतर कोण.

आप्पा: आणि दोघांनी नाही म्हटलं तर?

नात: तर तुमची रिम आहे.

आप्पा उठले. त्यांना उठायला दोन हात लागतात, एक भिंतीला, एक गुडघ्याला. तो उजवा गुडघा कबड्डीत गेलेला. रेल्वेच्या हॉस्पिटलात बरा झाला, पण पूर्ण वाकत नाही. त्यांनी आतून चष्मा आणला आणि तिच्याकडून दोन्ही कागद मागून घेतले. रेल्वेचा बाजूला ठेवला, तो त्यांना पाठ होता. लीगचा मात्र ट्यूबलाइटखाली धरून ओळीवर बोट ठेवत वाचला. एकदा, मग परत.

आप्पा: यात इजा झाली तर काय, ते कुठे लिहिलंय?

नात: नाही लिहिलेलं.

आप्पा: मग त्यांना लेखी विचार. हंगामात गुडघा गेला तर दवाखान्याचं बिल कोणाचं, आणि उरलेलं मानधन मिळणार की नाही. फोनवर सांगतील ते धरू नको. कागदावर उत्तर आलं तर चाचणीला मी येतो सोबत. नाही आलं तर रेल्वेच्या चाचणीला येतो.

नात: आणि दोन्हीकडे निवड झाली तर?

आप्पा: तर मग तू माझ्याशी भांडायला परत ये. आज पान संपलं.

ती हसली आणि चेंडू घेऊन घरामागे गेली. अंधार पडला होता, असीरगडाचा डोंगर नुसताच काळा दिसत होता. रिम दिसत नव्हती, तरी ती टाकत होती. लोखंडाला चेंडू लागला की टण्ण आवाज येतो, आतून गेला की काहीच येत नाही, कारण जाळी लावलेली नाही. आप्पा ओट्यावर बसून, हातात तो कागद तसाच धरून, मान वाकडी करून ऐकत होते. मी विचारलं, काय ऐकताय? तर म्हणाले, "थांब. किती वेळा आवाज येत नाही ते मोजतोय."